आईसाठी एक पेरू

माझ्या दवाखान्यात हातांची एकच खुर्ची होती आणि ती माझी होती. बारामतीत इंदापूर रस्त्याला लहान मुलांचा दवाखाना काढला तेव्हा सासऱ्यांनी ती भेट दिली होती. पाठ उंच, हात रुंद, बसलं की कुणीही डॉक्टर वाटावं अशी. विमल सिस्टर कामावर आल्या त्याच दिवशी दुपारी मी जेवून परतलो, तर खुर्चीच्या जागी प्लॅस्टिकचं लाल स्टूल होतं. खुर्ची पलीकडच्या वाफेच्या खोलीत गेली होती आणि तिच्यात एक बाई बसल्या बसल्या झोपली होती. तिचं धाप लागलेलं पोर तोंडाला मास्क लावून सिस्टरांच्या मांडीवर होतं आणि मशीन घरघरत होतं.

माझी खुर्ची इथं कशी, असं मी दबक्या आवाजात विचारलं. सिस्टरांनी ओठांवर बोट ठेवलं. थोड्या वेळानं मशीन थांबलं, पोराची छाती मोकळी झाली, बाई दचकून उठली आणि ओशाळली. सिस्टर तिला म्हणाल्या, "झोपलीस ते ब्येस झालं. ह्याला वाफ मिळाली, तुला झोप मिळाली." मग माझ्याकडे वळून म्हणाल्या, "डॉक्टर, तुमाला स्टूलबी चालतंय की. तुमच्या मांडीवर कुठं लेकरू हाय?"

पुढची नऊ वर्षं मी स्टुलावर काढली. पाठीला कळ लागली की अजून त्यांची आठवण येते.

सिस्टर ठेंगण्या, अंगानं भरलेल्या, चालताना किंचित डुलायच्या. राहायला वालचंदनगरला. यजमान तिथल्या कारखान्यात होते आणि सगळा संसार कंपनीच्या क्वार्टरमध्ये झालेला, त्यामुळे कारखान्याचा भोंगा त्यांच्या अंगात भिनला होता. सकाळी नऊला पाच कमी असताना दारात आणि संध्याकाळी सव्वासहाच्या एसटीसाठी बरोबर सहाला दाराबाहेर. बोलता बोलता सहा वाजले तर वाक्य अर्धं टाकून निघायच्या आणि दुसऱ्या दिवशी सकाळी ते तिथूनच पुढं चालू करायच्या. नऊ वर्षांत ती गाडी त्यांनी चुकवलेली मला माहीत नाही.

त्यांच्या पर्समध्ये तिखटमिठाची एक डबी असायची. आमच्याकडे येणारे लोक बागाईतवाले, कुणी काकडी आणायचं, कुणी हरभऱ्याचा डहाळा, कुणी पेरू. सिस्टर काही नाकारायच्या नाहीत. मिळालं ते डबीसकट एसटीच्या खिडकीत जायचं.

माझ्याविषयीचं त्यांचं मत मला संबोधनावरून कळायचं. खूश असल्या की 'डॉक्टर'. नाराज असल्या की 'साहेब'. आणि खरोखर संतापल्या की माझ्याशी बोलायच्याच नाहीत, भिंतीवरच्या कॅलेंडरशी बोलायच्या. मी ऐकेन एवढ्या आवाजात.

त्यांची पद्धत एका ओळीची होती: आधी आई, मग लेकरू. पोर निळं पडत असेल तर त्यांचे हात माझ्याआधी चालायचे, त्यात कधी कसूर नाही. पण मशीन लागलं, जीव भांड्यात पडला, की त्या पोराला स्वतःकडे घ्यायच्या, आईला खुर्चीत दाबून बसवायच्या आणि विचारायला लागायच्या. सकाळपास्नं काय खाल्लंस, रात्री कितीदा उठतीस, माहेरी कधी गेलीवतीस. शेवटचा प्रश्न ठरलेला असायचा: "आन तू कशी हायस?"

नव्वद टक्के बायका उत्तर द्यायच्या, "कालपास्नं खोकतोय." सिस्टर म्हणायच्या, "त्याचं न्हाय इचारलं." दुसरं उत्तर यायला वेळ लागायचा, तेवढ्यात माझे बाहेरचे तीन पेशंट होऊन जायचे. मला हा वेळ अगदी वाया गेल्यासारखा वाटायचा. मी चिडखोर माणूस, बाहेर रांग लागलेली आणि आत खुर्चीतल्या बाईच्या माहेरच्या गप्पा. एकदा मी तसं बोलून दाखवलं तेव्हा सिस्टर कॅलेंडरला म्हणाल्या, "काही लोकांना छाती म्हंजी नुसता भाता वाटतो."

बापांनाही त्या सोडायच्या नाहीत. पळसदेवचा एक मासेमारी करणारा गडी एकदा बायकोसोबत सात-आठ महिन्यांच्या मुलीला घेऊन आला. दारातच उभा, हात मागे बांधलेले. सिस्टरांनी पोरगी उचलली आणि त्याच्या हातात दिली. पोरीनं मास्क बघून दवाखाना डोक्यावर घेतला. सिस्टर म्हणाल्या, तिच्याशी काहीतरी बोला, बापाचा आवाज ऐकू दे. गडी घामाघूम झाला. त्याला गाणं येत नव्हतं, गोष्ट येत नव्हती. शेवटी खाली बघत त्यानं सुरू केलं, "कटला. रोहू. चिलापी. वाम. मरळ. शिंगाडा." पोरगी थांबली आणि बापाच्या तोंडाकडे बघायला लागली. संपलं की तो परत कटल्यापासून सुरू करायचा. मशीन थांबेपर्यंत उजनी धरणातला एक मासा त्यानं सोडला नाही आणि खुर्चीत बायको गाढ झोपली होती.

तेव्हापासून तो रिवाजच पडला. प्रत्येक बापाला आपापली यादी म्हणायला लागायची. ऊसवाले उसाच्या जाती म्हणायचे, एकानं तर ट्रॅक्टरचे पार्ट सांगितले. इंदापूरचे एक प्राथमिक शिक्षक सतराचा पाढा म्हणायला लागले तेव्हा पोर जास्तच रडलं. सिस्टरांनी त्यांना थांबवून भाज्यांची नावं घ्यायला लावली.

त्या सुमारास मी पुण्याला डॉक्टरांच्या एका सभेला गेलो होतो. तिथल्या एका व्याख्यानात ऐकलं की गरोदरपणी किंवा त्यानंतर ज्या आयांचं मन खचलेलं असतं, सतत काळजीत असतं, त्यांच्या मुलांमध्ये छाती वाजणं, दमा हे जास्त दिसतं. का, ते पक्कं कुणी सांगत नव्हतं. काही पोटात असतानाच घडत असेल, काही घरातल्या हालअपेष्टांतून, मोडलेल्या झोपेतून, राहून गेलेल्या औषधातून. मी थक्क झालो. परत आल्या आल्या सिस्टरांना सगळं सांगितलं. त्यांनी शांतपणे ऐकून घेतलं आणि म्हणाल्या, "व्हय का? जेवण बरं व्हतं का तितलं?"

माझा थोडा हिरमोड झाला हे खरं. आणि त्यातूनच पुढची चूक झाली, असं आता वाटतं. नवं कळलेलं माणसाला पोटात ठेवता येत नाही.

शेळगावची अश्विनी तेव्हा आमच्याकडे वर्षभर येत होती. चोविशीची, हाडं वर आलेली, डोळे जमिनीवर. मुलगा स्वराज तीन वर्षांचा, त्याला बाळदमा, सकाळ-संध्याकाळ श्वासातून घ्यायच्या औषधाचा पंप. थंडी पडली की दर पंधरा दिवसांनी छाती वाजायची, पोट उडायचं. घरची पेरूची दोन एकर बाग होती. सोबत सासू असायची, तिला सगळे आक्का म्हणायचे. पोर आक्कांच्या कडेवर, बोलणंही आक्कांचंच. आणि बोलण्याचा विषय एकच असायचा, की आईनं थंड खाल्लं म्हणून पोराला होतं. अंगावर पीत होता तेव्हा अश्विनीचं दही बंद झालं, मग केळी, मग ताक, मग काकडी, मग पेरू. अंगावरचं दूध सोडून वर्ष लोटलं तरी बंदी कुणी उठवली नव्हती. बागेतले पेरू जाळीच्या टोप्या घालून गावोगावच्या बाजाराला जायचे आणि ते तोडणाऱ्या सुनेला त्यातला एक खायची सोय नव्हती.

सिस्टर तिला प्रत्येक वेळी खुर्चीत बसवायच्या आणि विचारायच्या. सहा वेळा ती "बरी हाय" म्हणाली. सातव्या वेळी आक्का बाहेर औषधं घ्यायला गेल्या होत्या, तेव्हा ती म्हणाली, "सकाळी उठावंसंच वाटत न्हाय, मावशी. ह्याचा पंप द्यायचा असतो म्हणून उठते."

सिस्टर पोराच्या डोक्यावरून हात फिरवत राहिल्या. ती गेल्यावर मला म्हणाल्या, "डॉक्टर, ही पोर आतनं वाळत चाललीय. पुढच्या बारीला हिला मनाच्या डॉक्टरांकडं न्यायचं. आक्काचं माझ्यावर सोडा, मी हळूहळू वळवते."

हळूहळू हा शब्द मी ऐकायला हवा होता. पुढच्या खेपेला आक्का नेहमीप्रमाणे म्हणाल्या की हिनं चोरून काहीतरी खाल्लं असणार. माझं डोकं फिरलं. बाहेर चौदा पेशंट होते. मी म्हणालो, "आक्का, खाण्यापिण्याचा काही संबंध नाही. आईच्या मनावर ताण असला तर त्याचा लेकराच्या छातीवर परिणाम होतो. ह्यांच्या मनाकडे बघा."

वाफेच्या खोलीतून भांडं आपटल्याचा आवाज आला. आक्का थोडा वेळ माझ्याकडे बघत राहिल्या, मग सुनेकडे, आणि म्हणाल्या, "आसं हाय व्हय." मला वाटलं, पटलं. मी पुढच्या पेशंटला हाक मारली.

संध्याकाळी सिस्टर कॅलेंडरशीही बोलल्या नाहीत. सहाला दहा कमी असताना पर्स खांद्याला लावून माझ्यासमोर उभ्या राहिल्या. "साहेब, खरं बोललासा. पण कुणाम्होरं बोललासा? त्या पोरीच्या डोक्यावर आधीच सतरा दोष. तुमी अठरावा दिलासा, आन त्याच्यावर दवाखान्याचा शिक्का मारलासा."

बारा दिवसांनी आक्का पोराला घेऊन आल्या. सोबत मुलगा दत्ता, अश्विनी नाही. स्वराजची अवस्था वाईट होती, एका श्वासात दोन शब्द निघत नव्हते. मशीन लावलं, इंजेक्शन दिलं, तासाभरानं तो ताळ्यावर आला. मग सिस्टरांनी विचारलं, आई कुठं हाय?

आक्का म्हणाल्या, माहेरी पाठवलीय, पळसदेवला. तिच्या मनाचं लेकराला लागतंय, डॉक्टरच म्हणाले. म्हणून पोराला तिच्यापासून लांब ठेवलंय, आता ते आपल्यापाशी झोपतं. दत्ता भिंतीकडे बघत उभा होता. मी मात्र कुणाकडेच बघू शकत नव्हतो. आजवरच्या डॉक्टरकीत एवढी लाज मला दुसऱ्या कशाची वाटलेली नाही.

सिस्टर रागावतील असं मला वाटलं. त्यांनी कपाटातून पंप आणि त्याला लावायचं नळकांडं काढलं, मास्क बसवला, आणि सगळं आक्कांच्या हातात देऊन म्हणाल्या, घरी कसा देतासा ते दाखवा. आक्कांनी नळकांडं बाजूला ठेवलं, पंप हातभर लांब धरला आणि पोराच्या तोंडासमोर हवेत दोनदा उडवला, गोठ्यात डासांचं औषध मारतात तसा. मग उरलेला वास पोराकडे जावा म्हणून पदरानं वारा घातला.

दत्ताला फुटलेलं हसू त्यानं खोकल्यात लपवलं. सिस्टर हसल्या नाहीत. त्यांनी नळकांडं कसं लावायचं, मास्क कसा घट्ट धरायचा, पंप दाबल्यावर श्वास कसे मोजायचे, सगळं करून दाखवलं. शेवटी म्हणाल्या, "आक्का, एवढं सगळं त्या पोरीनं वरीसभर सकाळ-संध्याकाळ केलंय. मन बरं नसताना केलंय. बारा दिवस ती न्हाय, तर लेकराचं काय झालं बघा. आईनं त्याला दम लावला न्हाय. आईनं आतापतोर धरून ठिवला व्हता."

आक्कांनी पंप ओट्यावर ठेवला. तिला आणायची का, असं दत्तानं विचारलं. सिस्टर म्हणाल्या, आणायची, पण ज्यांनी पाठवली त्यांनी जाऊन आणायची. म्हणजे आक्कांनी. मी मान डोलावली. तेवढ्यात त्या पुढं म्हणाल्या, "आन साहेबांनी."

तर त्या रविवारी मी गाडी चालवत होतो. शेजारी सिस्टर, मांडीवर स्वराज, मागे आक्का. भिगवणच्या पुढं हायवेला पेरूवाले बसतात, तिथं सिस्टरांनी गाडी थांबवायला लावली. पेरू घेतले, डबी काढली, कापून तिखटमीठ लावलं. एक फोड मला, एक स्वतःला. मागे हात लांबवून एक आक्कांना दिली. आक्का म्हणाल्या, मी खात न्हाय.

"दात दुखत्यात?"

"दात बरं हायती." आक्का खिडकीबाहेर बघत होत्या. "आमची पहिली पोरगी चार वरसाची हून गेली. धापंनं. मी पेरू खाल्लावता म्हून झालं, आसं सासूबाई म्हणल्या. पस्तीस वरसं झाली, तवापास्नं खाल्ला न्हाय."

मी आरशात बघितलं. ज्या बाईला मी वर्षभर मनातल्या मनात खाष्ट म्हणत होतो ती पस्तीस वर्षं पेरूच्या बागेत राहून पेरू न खाल्लेली बाई होती. तिनं सुनेला तेच दिलं होतं जे तिला मिळालं होतं. आणि नातवाच्या भीतीनं दिलं होतं.

सिस्टरांनी समजूत वगैरे घातली नाही. हातातली फोड तशीच धरून त्यांनी विचारलं, "तवा तुमाला कुणी इचारलं का आक्का, तुमी कशा हायसा म्हून?"

मी गाडी सुरू केली. मग आक्का म्हणाल्या, "आता इचारलंसा की." आणि पदर डोळ्यांना लावला. फोड घेतली नाही.

पळसदेवला अश्विनीच्या माहेरचं घर धरणाच्या पाण्याकडे तोंड करून होतं. पाणी भरपूर होतं, जुनं देऊळ बुडालेलं. ती अंगणात जाळं सुकत घातलं होतं तिथं बसली होती. आम्हाला बघून उठली, पण पुढं आली नाही. स्वराज गाडीतून उतरला आणि आईला सोडून आधी एका कोंबडीमागे धावला. कोंबडी हाती लागेना तेव्हा आईकडे आला आणि तिचा पदर धरून आम्हा सगळ्यांकडे, आम्ही इथं कशाला आलोय, अशा नजरेनं बघायला लागला.

सिस्टरांनी मला कोपरानं ढोसलं. मी पुढं झालो. मी बोलायला वाकबगार आहे असं माझं मत होतं, पण तेव्हा एवढंच म्हणालो, "ताई, मी चुकीचं बोललो. तुमच्यामुळे काही झालेलं नाही." तिनं मान वर केली नाही. मग सिस्टर तिच्याजवळ जाऊन बसल्या. "हे बग, तुझ्यामुळं झालं न्हाय हे खरं. पर तू बरी झालीस तर त्याचंबी सोपं जाईल, हेबी खरं. म्हून तुला बरं करायचं. त्याच्यासाठी आन त्याच्या आधी तुझ्यासाठी."

अश्विनी बराच वेळ पोराच्या केसांतून बोटं फिरवत राहिली. शेवटी तिनं विचारलं, "नळकांडं धुतलं का कुणी? आठ दिसाला धुवाय लागतंय."

मग आक्का पुढं आल्या. "न्हाय धुतलं गं. मला न्हाय येत त्यातलं. चल घरी, तूच धू. मला शिकीव." त्यांच्या परीनं ती माफी होती आणि अश्विनीला ती कळली. ती पिशवी आणायला आत गेली.

सोमवारी चौघंही दवाखान्यात आले. सिस्टरांनी माझ्यासमोर कोरी चिठ्ठी सरकवली. त्यांचं म्हणणं असं, की तोंडी बोललेलं गावाच्या वेशीपर्यंतही पोचत नाही, पण डॉक्टरच्या चिठ्ठीवरचं माणूस देवासारखं पाळतं. त्यांनी सांगायचं आणि मी लिहायचं. पोर आईजवळ झोपेल. पंप आई देईल, आजी शिकेल, बाप आठवड्यातून दोन दिवस देईल. घरात चुलीचा, उदबत्तीचा धूर नको. शुक्रवारी आईला मनाच्या डॉक्टरांकडे न्यायचं, सोबत सिस्टर येतील. इथवर ठीक होतं. मग त्या म्हणाल्या, लिव्हा, आईसाठी एक पेरू, रोज, दुपारी, बागेत बसून, एकटीनं, अर्धा तास, कुणी हाक मारायची न्हाय.

मी पेन खाली ठेवलं. म्हटलं, मी लहान मुलांचा डॉक्टर, आईला पेरू कसा लिहून देऊ. सिस्टर म्हणाल्या, "लेकराच्या औषधातच लिव्हा की. त्याचंच औषध हाय ते." मी लिहिलं. मग त्यांनी आवाज बारीक केला. "आन खाली लिव्हा, आजीसाठी एक."

दत्तानं चिठ्ठी मोठ्यानं वाचून दाखवली. शेवटच्या ओळीला आक्का चपापल्या. मग कुठल्याही गोळीबद्दल विचारतात तितक्याच गंभीरपणे त्यांनी विचारलं, "जेवणाआदी का जेवणानंतर?" सिस्टर म्हणाल्या, जेवणानंतर, तिखटमीठ लावून. अश्विनी हसली. वर्षभरात मी तिला हसताना पहिल्यांदा पाहिलं, दात किंचित पुढं आहेत हेही तेव्हाच कळलं.

दहा मिनिटांनी खालच्या मेडिकलवाल्याचा फोन आला. बाकी सगळं दिलंय, पण शेवटची दोन औषधं आपल्याकडे नाहीत, दुसऱ्या कंपनीचं चालेल का? सिस्टरांनी माझ्या हातातून फोन घेतला आणि त्याला सांगितलं की ती कंपनी शेळगावला आहे.

स्वराजचा दमा गेला का, असं लोक विचारतात. दमा असा चिठ्ठीनं जात नाही. पण पुढच्या हिवाळ्यात तो दोनदाच आला, तेही चालत. अश्विनीनं मनाच्या डॉक्टरांच्या गोळ्या वर्षभर घेतल्या, सुरुवातीचे तीन शुक्रवार सिस्टर तिच्यासोबत गेल्या. तिला झोप लागायला लागली, अंगावर मांस आलं. आईच्या मनाचा आणि लेकराच्या छातीचा धागा नेमका कुठून कसा जातो ते मला अजून सांगता येणार नाही. आता मी तो खोलीभर लोकांसमोर सांगतही नाही. खुर्ची दाखवतो, बसा म्हणतो, आणि जे विचारायचं ते विचारतो. मला सिस्टरांइतकं जमत नाही. बायका मला "बरी आहे" असंच सांगतात, पण मीही सातव्या वेळेपर्यंत थांबायला शिकलोय.

गेल्या वर्षी डिसेंबरात सिस्टरांनी काम सोडलं. "गुडघ्यांनी राजीनामा दिलाय," म्हणाल्या, "मी नुसती सही केली." शेवटच्या दिवशी दुपारपासून आया येत होत्या. पळसदेवचा तो गडी सहकुटुंब मासे घेऊन आला, त्याची मुलगी आता शाळेत जाते आणि माशांची नावं उलटीकडून म्हणते. पावणेसहाला गर्दी ओसरली. सिस्टरांनी पर्स खांद्याला लावली, डबी आहे ना ते चाचपलं आणि दवाखान्यावरून एक नजर फिरवली.

तेवढ्यात अश्विनी, आक्का आणि स्वराज आले. पेरूची करंडी आक्कांच्या डोक्यावर होती. स्वराज आता सात वर्षांचा, पंप स्वतःच्या हातानं घेतो आणि आजीनं दिला तर चुका काढतो. आक्कांनी करंडी उतरवली, त्यातला एक पेरू पदराला पुसून कचकन चावला आणि सिस्टरांना दाखवत म्हणाल्या, "दुपारचा राह्यलावता." सिस्टर पोट धरून हसल्या. हसत हसतच घड्याळाकडे बघून म्हणाल्या, चला, माझी गाडी हाय.

अश्विनीनं त्यांचा हात धरला. त्यांना वाफेच्या खोलीत नेलं, खांद्याला धरून त्या खुर्चीत बसवलं, करंडीतला एक पेरू हातात दिला आणि आपण समोरच्या स्टुलावर बसली. नऊ वर्षांत मी सिस्टरांना त्या खुर्चीत बसलेलं कधी पाहिलं नव्हतं. त्यांचे पाय जमिनीला पुरत नव्हते.

"मावशी," अश्विनी म्हणाली, "आन तुमी कशा हायसा?"

सिस्टर म्हणाल्या, "मला काय झालंय. गुडघं सोडलं तर बरी हाय."

"गुडघ्यांचं न्हाय इचारलं."

मी दारात उभा होतो. त्या क्षणी माझ्या लक्षात आलं की नऊ वर्षांत हे मी त्यांना एकदाही विचारलं नव्हतं. त्या क्वार्टरमध्ये काय होतं, किती लेकरं, त्यांची छाती कधी वाजली का, ह्यांना कुणी खुर्ची दिली होती का, मला काहीही ठाऊक नव्हतं. सिस्टर तोंड उघडून बसल्या होत्या. उत्तर यायला वेळ लागत होता.

मी दार ओढून घेतलं. आक्का बाकावर बसून पेरू संपवत होत्या. स्वराजनं मला विचारलं की सिस्टरआजी आत काय करतायत, मी म्हटलं, बोलतायत. मग त्याला कंटाळा येऊ नये म्हणून आम्ही दोघं पेरूच्या जाती आठवत बसलो. त्याला माझ्यापेक्षा जास्त येत होत्या.

दाराच्या काचेतून मला दिसत होतं. सिस्टरांची पर्स खांद्यावरून खाली घसरली होती, मांडीवर डबी उघडी, हातात अर्धा खाल्लेला पेरू, आणि त्या बोलत होत्या. अश्विनी मधे काही न बोलता ऐकत होती. सहा वाजले, मी घड्याळाकडे बघितलं, सिस्टरांनी बघितलं नाही. सव्वासहाची गाडी गेली. त्यानंतरचीही गेली.